ताराबाई मोडक : बालकाचा हक्क आणि चारित्र्याची जडणघडण

चारित्र्य-शिक्षण म्हटले की नीतिपाठ, सुविचार आणि शिस्तीचे नियम आठवतात. ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याने निराळी दिशा दाखविली. बालकाचा मान राखला गेला, तरच त्याच्या ठायी इतरांचा मान राखण्याची वृत्ती रुजते, ही ती दिशा होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या घरी झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. राजकोट येथील स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. माँटेसरी विचारांवर चालणाऱ्या तेथील बालमंदिरात शिक्षेला स्थान नव्हते, तसे बक्षिसालाही नव्हते. भीतीने पाळलेला नियम भीती सरताच मोडतो आणि बक्षिसासाठी केलेले सत्कृत्य बक्षिसाबरोबर संपते. याउलट आपले काम स्वतः निवडणारे, साहित्य जागेवर ठेवणारे, दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबणारे मूल संयम व जबाबदारी अनुभवातून शिकते. १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला.

परंतु हा हक्क शहरातील सुस्थित मुलांपुरताच राहिला, तर ती केवळ सवलत ठरते. म्हणून १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. हीच अंगणवाडी. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत आणि धाकटी भावंडे सांभाळीत. गैरहजेरीचा दोष त्यांच्या माथी न मारता पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. गुराख्यांसाठी कुरणशाळा भरू लागली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण लाभले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या गावीही आज अंगणवाडी हा शब्द रुळलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. तथापि छडी टाकून देणे ही केवळ सुरुवात आहे. मुलाला निवड, विश्वास आणि सन्मान देणारा वर्ग उभा राहिला, तरच नीतिपाठाला अर्थ येतो. ताराबाईंच्या चरित्राचा अभ्यास करताना हे सूत्र ध्यानी ठेवावे.