मातीचे देणे मातीला : सर अल्बर्ट हॉवर्ड

शेतातील काडीकचरा, शेण आणि गोमूत्र यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगभरातील सेंद्रिय शेतीच्या इतिहासात आजही आदराने उल्लेखिली जाते. ही पद्धत होळकरांच्या इंदूर संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात आकारास आली. तिचे प्रणेते सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय शेती सुधारण्यासाठी सरकारने त्यांना येथे आणले होते. प्रत्यक्षात येथील शेतकऱ्याच्या अनुभवातून त्यांनी स्वतःचेच शास्त्र नव्याने तपासून पाहिले.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेतल्यानंतर १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. उसाच्या रोगांचा अभ्यास हे तेथील त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहता येत होती, परंतु सुचविलेला उपाय स्वतः पेरून, पिकवून पडताळण्यासाठी त्यांच्याकडे जमीन नव्हती. ही उणीव त्यांना फार जाणवली. पुढे केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप या पिकावर काम केले. तेथील शेतकरी निरुपयोगी समजून नर वेली काढून टाकत असत. परागीभवन झालेल्या मादी वेली अधिक जोमदार वाढतात, असे हॉवर्ड यांनी दाखवून दिले. निसर्गाचा क्रम मोडला की पीक दुर्बळ होते, हा विचार येथून त्यांच्या मनात रुजला.

पुसा येथील वर्षे

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, अमेरिकी दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीच्या साहाय्याने बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. १९०५ मध्ये हॉवर्ड तेथे शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिज येथे संशोधन केलेल्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढील पंचवीस वर्षांचे बहुतेक संशोधन या दाम्पत्याने एकत्रितपणे केले.

पुसा येथे त्यांनी गव्हाच्या देशी वाणांतून निवड आणि संकर करून नवे वाण तयार केले. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ हे वाण उत्तर भारतातील शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. या यशामुळे हॉवर्ड यांचे नाव झाले, तथापि त्यांचे समाधान झाले नाही. उत्तम बियाणे कसहीन जमिनीत टाकले तर त्याचा लाभ थोडाच मिळतो, हे त्यांच्या लक्षात आले होते.

पुसा येथे त्यांना प्रयोगासाठी जमीन आणि बैलजोड्या मिळाल्या. आसपासच्या गावांतील शेतकरी रासायनिक खते किंवा कीटकनाशके न वापरता बऱ्यापैकी निरोगी पिके घेत होते. हॉवर्ड यांनी त्यांच्या पद्धतींचे बारकाईने निरीक्षण केले. मिश्र पिके, डाळवर्गीय पिकांची फेरपालट, जमिनीला विश्रांती आणि जनावरांचे खत यांमागील कारणे ते शोधू लागले. पिकांवरील कीड आणि रोग हे शेतीतील चुका दाखवून देणारे सूचक आहेत, असे त्यांचे मत बनले. चांगल्या वैरणीवर पोसलेले आपले बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या शेजारच्या जनावरांच्या संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. हे निरीक्षण होते, काटेकोर प्रयोग नव्हता. तरीही त्यावरून त्यांनी फार मोठा निष्कर्ष काढला आणि पुढील वादाचे बीज तेथेच पडले.

विभागांच्या भिंती

शासकीय संशोधन संस्थेची रचना हा हॉवर्ड यांच्यापुढील खरा प्रश्न होता. माती रसायनशास्त्रज्ञाकडे, बुरशी कवकशास्त्रज्ञाकडे, कीड कीटकशास्त्रज्ञाकडे आणि बियाणे वनस्पतिशास्त्रज्ञाकडे अशी कामाची विभागणी होती. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र या सर्व गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पाण्याचा निचरा नीट झाला नाही तर मुळे गुदमरतात, मुळे गुदमरली की पीक अशक्त होते आणि अशक्त पिकावर रोग येतो. अशा वेळी दोष कोणत्या विभागाचा, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. जमीन, पाणी, पीक, जनावर आणि माणूस यांचा एकत्रित विचार करणारी संस्था हवी, असा आग्रह त्यांनी धरला. पुसा येथे ते शक्य होत नाही असे दिसल्यावर त्यांनी वेगळी वाट धरली.

मध्य भारतातील संस्थाने आणि भारतीय मध्यवर्ती कापूस समिती यांच्या आर्थिक साहाय्याने १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली. इंदूर दरबारने तिच्यासाठी सुमारे ३०० एकर जमीन दिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिबडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे प्रथम त्यांनी पाण्याच्या निचऱ्याकडे लक्ष दिले. मजुरांना नियमित वेतन, कामाचे कमी तास आणि पुरेशी विश्रांती देण्यावरही त्यांनी भर दिला. मुंबईत १९२६ मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

कापूस, खत आणि काळी माती

ग्रामीण भारतात शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असे. पराट्यांसारखे कठीण अवशेष लवकर कुजत नसत. उकिरड्यावर उघडे पडलेले खत ऊन-पावसात सत्त्वहीन होई. चिनी शेतकरी शेकडो वर्षे टाकाऊ पदार्थ जमिनीला परत करत आले आहेत, हे अमेरिकी कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ मधील ग्रंथातून हॉवर्ड यांना ठाऊक झाले होते. भारतीय परिस्थितीत हे कसे साधावे, यावर इंदूर येथे प्रयोग झाले. या कामात संस्थेतील रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचा मोठा वाटा होता.

पराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. नंतर त्या इतर काडीकचऱ्याबरोबर जनावरांच्या खाली अंथरल्या जात. हे अंथरूण, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात रचले जात. त्यावर पाणी शिंपडले जाई. साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशा तीन वेळा खत उलथले जाई. पावसाळ्यात खड्ड्यांऐवजी जमिनीवर ढीग रचत. हवा आणि ओलावा यांचा समतोल राखला की जिवाणू व बुरशी आपले काम करतात, हे या पद्धतीचे मर्म होते. विकतचा कोणताही घटक त्यात आवश्यक नव्हता, ही गोष्ट गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये निधन झाले. हॉवर्ड १९३१ मध्ये भारत सोडून मायदेशी परतले. त्याच वर्षी हॉवर्ड आणि वाड यांचा या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. महात्मा गांधी यांनी १९३५ मध्ये इंदूरच्या या संस्थेला भेट देऊन खतनिर्मितीचे काम पाहिले. पूर्व आफ्रिकेतील कॉफीच्या आणि भारतातील चहाच्या मळ्यांतही या पद्धतीचा वापर झाला.

वाद आणि वारसा

इंग्लंडमध्ये परतल्यावर हॉवर्ड यांनी रासायनिक खतांवर आणि कृषी संशोधनाच्या शासकीय धोरणावर कठोर टीका केली. १९४० मधील त्यांच्या ग्रंथाने सेंद्रिय शेतीच्या चळवळीला वैचारिक पाया दिला. अमेरिकेत जे. आय. रोडेल आणि ब्रिटनमध्ये लेडी इव्ह बॅलफोर यांना त्यातून प्रेरणा मिळाली. मात्र सकस माती असली की पिकांचे, जनावरांचे आणि माणसांचे बहुतेक रोग टळतात, हे त्यांचे ठाम मत विज्ञानाने जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. देशातील अन्नटंचाई दूर करण्यासाठी १९६० च्या दशकात रासायनिक खतांना प्रतिसाद देणारे गव्हाचे वाण आणावे लागले. बिहारमधील १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलविलेली पुसा संस्थाच त्या हरित क्रांतीचे एक केंद्र ठरली, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

परंतु मातीतील सेंद्रिय द्रव्य घटले की खताची मात्रा वाढवूनही उत्पादन टिकत नाही, हा त्यांचा इशारा नंतरच्या अनुभवाने खरा ठरविला. सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सेंद्रिय कर्बाची तपासणी समाविष्ट करण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धतही थोड्या शेणात अधिक खत तयार करण्याच्या याच ध्यासातून आलेली आहे.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे २० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोन महिन्यांनी, इंग्लंडमध्ये निधन झाले. इंदूर येथील त्यांच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले. संशोधन विभागांमध्ये वाटले गेले तरी शेतकऱ्याची जमीन वाटली जात नाही, हा त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र कृषी धोरण ठरविणाऱ्यांपुढे आजही कायम आहे.