लिंकन वकील, मुक्काम स्प्रिंगफिल्ड

मुलाच्या हेडमास्तरांना लिंकनने लिहिलेलं ते पत्र तुम्ही वाचलंच असेल. शाळेच्या ऑफिसबाहेर, क्लासमध्ये, कुणाच्या तरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं असतं. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे ते आपल्याकडे घराघरांत पोचलं. पण ते लिंकननेच लिहिलं याला पुरावा काही सापडत नाही. म्हणजे आपल्या ओळखीचा अब्राहम लिंकन बराचसा पोस्टरवरचा. पोस्टर जरा बाजूला ठेवू. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जवळपास चोवीस वर्षं हा माणूस इलिनॉयमध्ये वकिली करत होता, त्याचं काय?

जन्म १८०९चा, केंटकीतल्या लाकडी खोपटातला. शाळेत गेलेले सगळे दिवस एकत्र केले तरी वर्ष भरत नाही. न्यू सेलम नावाच्या खेड्यात त्याने भागीदारीत दुकान टाकलं, ते बुडालं. भागीदार वारला आणि त्याच्या वाट्याचं कर्जही याच्याच डोक्यावर आलं. फेडायला कित्येक वर्षं लागली. मधल्या काळात पोस्टमास्तर झाला, जमिनीची मोजणी केली. लॉ कॉलेज वगैरे काही नाही! जॉन स्टुअर्ट या वकिलाकडून पुस्तकं उसनी आणायची, वाचायची आणि परत करायची. १८३६मध्ये सनद मिळाली.

१८३७च्या एप्रिलमध्ये तो उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफिल्डला आला. दीड-एक हजार वस्तीचं, चिखलाच्या रस्त्यांचं गाव. जोशुआ स्पीडच्या दुकानात गादी-अंथरुणाची किंमत विचारली तर सतरा डॉलर. तेवढे खिशात नव्हते. स्पीडने दुकानावरच्या आपल्या खोलीत राहायला बोलावलं, आणि गडी सामान वर टाकून मोकळा झाला. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता काम कसलं? सिनेमातल्या कोर्टासारखं अजिबात नाही. त्याच्या नावावर पाच हजारांहून जास्त प्रकरणं आहेत आणि त्यात सर्वाधिक आहे ती उधारीची वसुली. बाकी जमिनीचे वाद, घटस्फोट, कुणी कुणाची बदनामी केली ते. फी बहुतेक वेळा पाच-दहा डॉलर, तीही भागीदार विल्यम हर्नडनशी निम्मी-निम्मी. ऑफिसात कागदांचा पसारा, आणि महत्त्वाचे कागद उंच टोपीच्या आत! वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि वकिलांचा जथा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरायचा. प्रत्येक गावी कोर्ट भरायचं, आणि दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडलेले वकील रात्री खाणावळीत एकाच पलंगावर दाटीवाटीने झोपायचे. या फिरतीत त्याला माणसं कळली, आणि माणसांना तो. पुढे निवडणुकीत हे कामी आलं.

१८४१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्याने नॅन्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाजूचा खटला जिंकला. तिची विक्री बेकायदा ठरली. इथवर पोस्टरला शोभेल असंच आहे. पण सहाच वर्षांनी, १८४७मध्ये, तो चार्ल्सटनच्या कोर्टात रॉबर्ट मॅटसनच्या बाजूने उभा राहिला. मॅटसन केंटकीचा. इलिनॉयमधल्या शेतावर तो गुलाम आणायचा आणि हंगाम संपला की परत न्यायचा. जेन ब्रायंट आणि तिची चार मुलं मात्र तिथे दोन वर्षं राहिली होती. आता आपल्याला विकतील या भीतीने ती पळाली, गावातल्या दोघांनी तिला आसरा दिला. लिंकनने युक्तिवाद केला तो मालकासाठी: ही माणसं इथे तात्पुरती आली होती, म्हणून ती अजून त्याचीच. तो हरला. जेन आणि मुलं मोकळी झाली.

का घेतली असेल त्याने ही केस? अभ्यासक अजूनही वाद घालतात. वकिलाने समोर येईल त्या अशिलाचं काम करायचं, असं एक उत्तर आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. तो जिंकला असता तर त्या चार मुलांचं काय झालं असतं, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. लॉ करणाऱ्यांनो, तुम्ही सांगा, तुम्ही वकीलपत्र घेतलं असतं?

दुसऱ्या टोकाला १८५८चा बिअर्ड्सटाउनचा खुनाचा खटला. आरोपी डफ आर्मस्ट्राँग, न्यू सेलमच्या जुन्या मित्राचा मुलगा. त्याची आई हॅना हिने हलाखीच्या दिवसांत लिंकनला जेवू घातलं होतं, त्याचे कपडे शिवून दिले होते. मुख्य साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास दीडशे फुटांवरून लख्ख चांदण्यात मी मारताना पाहिलं. लिंकनने त्याच्याकडून ते पुन:पुन्हा वदवून घेतलं, आणि मग पंचांग काढलं. त्या वेळी चंद्र डोक्यावर नव्हताच, मावळायला टेकला होता. डफ सुटला. फी? एक पैसाही नाही.

आणि अपमान? तोही झाला. १८५५मध्ये कापणीयंत्राच्या पेटंटच्या मोठ्या खटल्यासाठी तो सिनसिनाटीला गेला. तिथल्या बड्या वकिलांनी, विशेषतः एडविन स्टँटनने, या गावाकडच्या ओबडधोबड माणसाला बोलूही दिलं नाही. गडी परत गेला नाही, मागे बसून त्यांचे युक्तिवाद ऐकत राहिला. सात वर्षांनी राष्ट्राध्यक्ष लिंकनला यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत युद्धमंत्री हवा होता. त्याने नेमला तो स्टँटन.

फेब्रुवारी १८६१मध्ये वॉशिंग्टनला निघण्याआधी तो हर्नडनला भेटायला ऑफिसात गेला. दोघांच्या नावाची पाटी काढू नकोस, म्हणाला. जिवंत राहिलो तर परत येऊन वकिलीच करू. १८६५च्या मे महिन्यात त्याला स्प्रिंगफिल्डलाच दफन केलं.