थॉमस हॉलोवे यांचे विद्यादान

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. वडील गेले आणि माझे पाटी-दप्तर फळीवर गेले, ते कायमचेच. म्हणूनच की काय, विलायतेतील थॉमस हॉलोवे यांची हकिकत वाचली आणि ती आपणां भगिनींना सांगावीशी वाटली.

हॉलोवे यांचा जन्म सन १८०० साली इंग्लंडातील डेव्हनपोर्ट गावी झाला. १८३७ पासून ते लंडनमध्ये मलम आणि पुढे गोळ्या करून विकू लागले. जाहिरातींपायी कर्ज झाले, तुरुंगही पाहावा लागला. पत्नी जेन यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत बरोबरीने काम केले आणि धंदा सावरला. पुढे या गोळ्या जगभर खपल्या व अलोट पैसा मिळाला.

गोळ्यांत काळा बोळ, सुंठ असले साधे जिन्नस असत. जाहिरातीत मात्र त्या नाना रोगांवर रामबाण! ही गोष्ट झाकून नुसते गुणगान करणे मला बरे वाटत नाही. पण त्या पैशाचे पुढे काय झाले, तेही पाहावे.

त्यांना मूलबाळ नव्हते. मुलींसाठी कॉलेज काढावे हा सल्ला जेनबाईंचा. १८७५ साली त्या वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ हॉलोवे यांनी एगम येथे राजवाड्यासारखे कॉलेज बांधायला घेतले. मनोरुग्णांसाठीही मोठे इस्पितळ उभारले. १८८३ साली ते स्वतः निवर्तले. दोन्ही वास्तू पुऱ्या झालेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. १८८६ साली व्हिक्टोरिया राणीने कॉलेजचे उद्घाटन केले आणि १८८७ साली २८ मुली शिकायला आल्या. केंब्रिजने स्त्रियांना पदवी दिली ती १९४८ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची थोरवी कळते. १९६५ पासून तेथे मुलगेही पदवीसाठी शिकतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्राण गमावणाऱ्या एमिली डेव्हिसन याच कॉलेजात होत्या. वडील वारले, फी भरता येईना, म्हणून १८९३ साली त्यांना ते सोडावे लागले. म्हणजे नुसती इमारत उभी राहून भागत नाही. फी भरणारा हातही लागतो.

आपल्याजवळ हॉलोवे यांची संपत्ती नाही. पण यंदाच्या हळदीकुंकवाच्या खर्चातून एका मुलीची वर्षाची फी निघेल. तेवढे आपण करू या.