वसतिगृहातून घडलेली जाणीव : बाबासाहेबांच्या जीवनातील एक दुर्लक्षित प्रकरण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात महाडचे तळे, गोलमेज परिषद, संविधान आणि दीक्षाभूमी यांना योग्य तेवढी जागा मिळते. वसतिगृहांच्या वाट्याला मात्र बहुधा एखादेच वाक्य येते. निवासी शाळेच्या स्मरणिकेत तरी हा क्रम उलटावा, असे आम्हांला वाटते.

लंडनचे शिक्षण पूर्ण करून बाबासाहेब १९२३ मध्ये मायदेशी परतले. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे पाहत. सोलापूर नगरपालिकेकडून दरमहा ४० रुपयांचे साहाय्य मिळे. अन्न, निवास, पाटी-पुस्तके यांची सोय झाली, एवढ्यावर कोणत्याही धर्मादाय संस्थेने समाधान मानले असते. येथील विद्यार्थी मात्र ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवू लागले. हे नाव वाचून आज आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. इतिहासाच्या अभ्यासकाने ते साल १९२५ च्या सुमाराचे आहे, हे ध्यानात ठेवावे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांच्या वडिलांना गावच्या चावडीत तोंड वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्यांची मुले स्वतःचे विचार लिहून चारचौघांपुढे ठेवत होती.

लेखणीवरचा हा विश्वास बाबासाहेबांना स्वतःच्या बालपणाने दिला होता. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भीमराव १९०१ च्या सुमारास भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. स्थानकावर जात कळताच गाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवाला तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि त्याने विटाळ टाळण्यासाठी पायी चालायचे, या अटीवर. जवळ शिदोरी भरपूर होती, पाणी मात्र कोणी दिले नाही. अशी तहान त्या काळी लक्षावधी मुलांनी सोसली आणि नशिबाचा भोग म्हणून गिळली. या मुलाने ती गिळली नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने भारतातील जातींवर निबंध वाचला आणि जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत दाखवून दिले. तहानेपासून त्या निबंधापर्यंतचे अंतर पंधरा वर्षांचे आहे. ज्याला आपण जाणीव-जागृती म्हणतो, ती आमच्या मते याच पंधरा वर्षांत आहे: आपल्यावर काय गुदरले येथपासून ते का गुदरले आणि ते कोणाच्या सोयीचे आहे येथपर्यंतचा प्रवास.

पुढे १९२८ मध्ये शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढून त्यांनी पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड येथील वसतिगृहांचा भार उचलला. आमच्या खानदेशात, १९३७ च्या निवडणुकीत, स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलतराव गुलाजी जाधव पूर्व खानदेशातून कायदेमंडळात निवडून गेले. त्याच वर्षी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी ३१ जुलैला तेथे जमणाऱ्यांत मुक्ताईनगरकरही असतात.

नागपूरच्या १९४२ च्या परिषदेत त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांत शिकण्यानंतर चेतवण्याचा क्रम होता आणि संघटनेचा तिसरा. आपण फलकांवर चेतवणे गाळून संघर्ष शेवटी लिहितो. आमच्या मते हा फरक किरकोळ नाही. मन आधी चेतले नाही, तर संघटना म्हणजे केवळ गर्दी होते.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय स्थापन झाले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले मिलिंद. भिक्खू नागसेनांना एकामागून एक अवघड प्रश्न घालणारा आणि उत्तर पटल्यावर ते प्रांजळपणे मान्य करणारा हा यवन राजा. उत्तर देणाऱ्या नागसेनांचे नाव परिसराला आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला! ही योजना आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. अजिंठ्याचा घाट चढून खानदेशातील मुलेही तेथे शिकावयास गेली.

आणि तरीही, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा उघड केली. शिकलेली माणसे समाजाच्या उपयोगी पडतील ही त्यांची आशा होती. पण शिक्षण घेऊन पोट भरण्यात गुंतलेल्या कारकुनांचीच गर्दी त्यांना भोवती दिसली. हा ठपका निरक्षर खेडुतांवर नव्हता. तो वसतिगृहांत राहून पदव्या मिळवलेल्यांवर, म्हणजे आमच्यासारख्या पगारदारांवरही आहे. स्मरणिकेत सत्काराच्या पानांशेजारी ही नोंद असणे आम्हांला आवश्यक वाटले.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला १९०७ मध्ये कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. अखेरच्या वर्षांत त्यांनी स्वतः लिहिलेला बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथ त्यांना छापील रूपात पाहता आला नाही. तो १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातर्फे वाचकांच्या हाती आला.