शिरूरचा ‘सत्पुरुष’ : कर्नल विल्यम वॉलेस

नोव्हेंबर महिना उजाडला की आपली पावले आपोआप दफनभूमीकडे वळतात. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांच्या स्मरणार्थ पवित्र मिस्सा अर्पण होते, कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवल्या जातात. ह्या निमित्ताने आपल्याच परिसरातील एका आगळ्या कबरीची व तिच्यात विसावलेल्या माणसाची ओळख आम्ही करून देत आहोत. यवतहून चौफुला, केडगाव, न्हावरे असे करीत घोडनदीकाठच्या शिरूरला जाता येते. तेथील जुन्या युरोपियन दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेस यांचे स्मारक आहे.

वॉलेस हे इंग्रजांच्या ७४ व्या हायलँडर पलटणीचे अधिकारी होते. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढील वर्षी शिंदे व भोसले यांच्याशी युद्ध पेटले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर सेनापती आर्थर वेलस्ली यांच्या हाताखाली वॉलेस यांनी पायदळाच्या एका ब्रिगेडचे नेतृत्व केले. त्या दिवशी ७४ व्या पलटणीची भयंकर हानी झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात गाविलगडाला वेढा पडला. तेथील एक आख्यायिका सांगितली जाते. रात्रीच्या अंधारात एक अवजड तोफ डोंगरावर चढवायची होती. हे काम अशक्य असल्याचे एका अधिकाऱ्याने कळविले. तेव्हा वॉलेस यांनी दिवा मागविला, खिशातील लेखी हुकूम पुन्हा वाचून पाहिला आणि हुकूम आहे म्हणजे काम झालेच पाहिजे, असे बजावले. १८०४ मध्ये होळकरांविरुद्धच्या मोहिमेत चांदवड व गाळणा हे किल्ले त्यांच्याच नेतृत्वाखाली इंग्रजांच्या हाती आले. पुढे शिरूरच्या छावणीतील फौजेची धुरा त्यांनी वाहिली आणि १८०९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

येथवरची हकीकत एका परक्या सरदाराची आहे. ज्या मराठी मुलखात ते निवर्तले, त्याच मुलखातील सैन्याशी ते लढले होते, हे आम्ही विसरत नाही. मग त्यांची कबर आगळी का? तिचे आगळेपण दगडकामापेक्षा तिला मिळालेल्या मानात आहे.

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ह्याची नोंद आहे. शिरूर व आसपासच्या खेड्यांतील हिंदू शेतकरी वॉलेस यांना ‘सत्पुरुष’ म्हणत. सुगीच्या दिवसांत पहिल्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या कबरीवर आणीत. एका वाडीतील कुणब्याने हा नेम चुकविला, तेव्हा त्याचे पीक नष्ट झाले, अशीही कथा तेव्हा सांगितली जात असे. कबरीवरील इंग्रजी लेखात वॉलेस यांचे शौर्य, लोककार्याची तळमळ, सचोटी व मनाचा मोकळेपणा यांचा गौरव आहे. तो लेख वाचू न शकणाऱ्या शेतकऱ्यांनी मात्र त्यांना एकाच शब्दाचे नाव दिले, आणि मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनीही ते टिकून होते.

ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने येथे विवेक हवा. आराधना केवळ परमेश्वराची. संतांना आपण मान देतो व त्यांची मध्यस्थी मागतो, पण त्यांना देव मानीत नाही. शिवाय वॉलेस हे ख्रिस्तसभेने घोषित केलेले संत नव्हेत. मृतांना नैवेद्याची नव्हे, तर आपल्या प्रार्थनेची गरज असते. तथापि त्या शेतकऱ्यांच्या भावनेचा उपहास करणे आपणांस शोभणार नाही. पिकाचे प्रथमफळ परमेश्वराला अर्पण करण्याची आज्ञा जुन्या करारातही आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले आहे.

ही कबर आपणांपुढे एक प्रश्न ठेवते. धर्म, भाषा व देश वेगळा असूनही शेजाऱ्यांनी एका माणसाला सज्जन म्हणून ओळखले. आपल्या गावात आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. आपल्या मागे आपले शेजारी आपणांस कोणत्या नावाने ओळखतील? उंच क्रूस किंवा संगमरवरी फरशी ह्याचे उत्तर देऊ शकणार नाही. ते आपल्या रोजच्या वागण्यातूनच द्यावे लागेल.

यंदा आपल्या माणसांच्या कबरींवर जाल तेव्हा शेजारच्या, कोणीच न येणाऱ्या एखाद्या कबरीवरील गवतही काढा, एक मेणबत्ती लावा. शिरूरला गेलात तर ह्या परक्या सैनिकासाठीही एक प्रार्थना करा. प्रभू सर्व मृतांना चिरशांती देवो.