सावित्रीबाई आणि प्लेगचे रोगी

आजारी मुलास पाठीवर घेतलेल्या सावित्रीबाई फुले ह्यांचें चित्र तुम्हीं पाहिलें असेल. ज्या जागीं त्या मुलास नेत होत्या ती जागा मात्र चित्रांत दिसत नाहीं.

बाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं झाला. अध्यापनाचें शिक्षण त्यांनीं अहमदनगरास मिस फॅरार ह्यांच्याकडे व पुण्यास मिचेलबाईंकडे घेतलें. १८४८ सालीं पतीसह पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८९० सालीं जोतीराव वारले, तरी बाईंचें कार्य थांबलें नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व लवकरच पुण्यास पोहोंचला. तेव्हां दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांस बोलावून बाईंनीं हडपसरजवळ ससाणे मळ्यांत दवाखाना उघडला. वस्तीबाहेर, मोकळ्या हवेंत! आमच्या कसबा बावड्यासारख्या ऊसगुळाच्या गांवीं घरांतले उंदीर काय असतात तें सांगावयास नको. रोगी तेथून हालविला म्हणजे त्याची सोय होते व घरच्यांचेंही रक्षण होतें. पाठीवरच्या ओझ्याइतकेंच ह्या मळ्याचेंही स्मरण व्हावें, असें मला वाटतें.

मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील वस्तींत एक मुलगा प्लेगनें पडला. ६६ वर्षांच्या बाई स्वतः गेल्या व त्यास पाठीवर घालून दवाखान्यांत आल्या, असें सांगतात. मुलगा वांचला. बाईंस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

रोगाचा जंतु १८९४ सालींच हाँगकाँगांत सांपडला होता. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन ह्यांनीं मुंबईंत नवी लस स्वतःस टोंचून घेतली होती. पण रोग उंदरापासून माणसास कसा लागतो, हें कोणी सिद्ध केलें नव्हतें. तें १८९८ सालीं फ्रेंच डॉक्टर सिमाँ ह्यांनीं कराचींत दाखविलें. मेलेल्या उंदराचें अंग थंड पडलें म्हणजे त्यावरील पिसवा दुसरें ऊबदार अंग शोधतात. म्हणून गांठींच्या प्लेगांत रोग्याचे कपडे व अंथरूण ह्यांची काळजी आधीं घ्यावी लागते. त्यांतील पिसवा नाहींशा करावयाच्या, मेलेल्या उंदरास उघड्या हातानें शिवावयाचें नाहीं. रोग फुप्फुसांत उतरला असेल तर खोकल्यानेंही पसरतो. अशा वेळीं रोग्यास निराळें ठेवून सेवा करणारानें नाकतोंड झांकलेंच पाहिजे. हल्लीं योग्य औषध वेळेवर मिळालें तर रोगी बहुधा बरा होतो, आणि त्याच्या निकट राहिलेल्यांस प्रतिबंधक गोळ्याही देतात.