अव्यक्ताचे उपासक : भास्कराचार्य

भारतीय गणिताच्या इतिहासात भास्कराचार्यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजेच इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार पंडित होते आणि तेच त्यांचे गुरूही होते.

वयाच्या ३६व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. लीलावतीत व्यक्त, म्हणजे ज्ञात संख्यांचे गणित आहे, बीजगणितात अव्यक्ताचे.

जी संख्या ठाऊकच नाही, तिच्याशी व्यवहार करावा तरी कसा? शिकणाऱ्याला गोंधळात टाकणारा हा प्रश्न त्यांनी पायरी-पायरीने सोडवला. पूर्वसूरींच्या परंपरेला अनुसरून ते अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ असे लिहीत. तिचा वर्ग म्हणजे ‘याव’ आणि ज्ञात संख्या म्हणजे ‘रू’. अज्ञात संख्या अनेक असल्यास त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे मिळत. नाव मिळाले की अज्ञात राशीचीही बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करता येई.

भागाकाराचे त्यांचे तत्त्व साधे होते. भाजकाला ज्या राशीने गुणून आलेला गुणाकार भाज्यातून वजा केल्यावर बाकी उरत नाही, ती राशी म्हणजे भागाकार. समजा, ‘याव ६ या ९’ या राशीला ‘या ३’ ने भागायचे आहे. येथे भाज्यातील प्रत्येक पदाला भाजकाने भागावे लागते. पहिल्या पदापासून ‘या २’ मिळते, दुसऱ्यापासून ‘रू ३’. म्हणून उत्तर ‘या २ रू ३’. एकच पद भागून दुसरे तसेच सोडले, तर उत्तर चुकते. उत्तराला पुन्हा ‘या ३’ ने गुणले, की मूळ भाज्य परत मिळते आणि मनातील शंका फिटते. बहुपदीला एकपदीने भागताना आजही हीच रीत वापरली जाते.

भास्कराचार्यांची ज्ञानसाधना उतारवयातही थांबली नाही. ‘करणकुतूहल’ हा त्यांचा ग्रंथ इ. स. ११८३ चा आहे. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते.

हस्तलिखितांच्या त्या काळात शिकवणारा आणि शिकणारा नसेल, तर ग्रंथ लोप पावण्याचे भय असे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख याची साक्ष देतो. पुढे इ. स. १६३४ मध्ये बीजगणिताचे फारसीत आणि इ. स. १८१७ मध्ये इंग्रजीत भाषांतर झाले.

अज्ञाताला भिऊ नये. त्याला नाव द्यावे, नियमाने पुढे जावे आणि उत्तर पडताळून पाहावे, हीच भास्कराचार्यांच्या जीवनकार्याची शिकवण होय.